बिल, क्यूआर आणि रात्रीचा ताळमेळ: लहान दुकानदारांसाठी, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांसाठीही

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात मी लहान दुकानदारांचे हिशेब लिहिते. किराणावाले, हार्डवेअरवाले, चहा-भजीचे हॉटेल, फुलवाली, खाजे हा गोड खाऊ विकत जत्रा-जत्रांतून फिरणारे खाजेकार ही माझी मंडळी. यांतल्या बहुतेकांकडे आता क्यूआर आहे, पुष्कळांच्या मोबाईलमध्ये बिल करायचे अ‍ॅपही आहे. तरी महिनाअखेर हिशेबाला बसले की चित्र असे दिसते: बिले मुलाच्या मोबाईलमध्ये, पैसे वडिलांच्या खात्यात आणि उधारी आईच्या वहीत. तिघांचे आकडे तीन, आणि खरा कोणता ते कुणालाच सांगता येत नाही.

मोबाईलवर बिल करणे हे एक काम, मोबाईलवर पैसे घेणे हे दुसरे, आणि त्या दोन्हींची रोज गाठ घालणे हे तिसरे. पहिली दोन अ‍ॅप करते. तिसरे माणसालाच करावे लागते, आणि माझ्या मते खरा धंदा सांभाळला जातो तो तिथेच. पुढे जे सांगते आहे ते त्या तिसऱ्या कामाला धरून सांगते आहे.

आधी खाते वेगळे करा

धंद्याचे पैसे आणि घरचे पैसे एका खात्यात येऊ देऊ नका. आमच्याकडे घरटी कुणीतरी जहाजावर किंवा आखातात असतो. त्याने पाठवलेले पैसे, बहिणीने परत केलेले हातउसने आणि दुकानाची विक्री एकाच पासबुकात मिसळली की वर्षअखेर त्यांतली विक्री कोणती हे शोधणे फार अवघड जाते. लहान दुकानाला क्यूआर देताना बहुतेक अ‍ॅप बचत खातेही चालवून घेतात. उलाढाल वाढली की मात्र चालू खाते काढा.

खाते कुणाच्या नावावर आहे याइतकेच महत्त्वाचे म्हणजे त्याला कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे. भावाने खाते काढून दिले, नंबर स्वतःचा दिला आणि तो जहाजावर गेला, असे मी पाहिलेले आहे. मग ओटीपी समुद्रात आणि दुकान डिचोलीत. नंबर त्याचाच हवा जो रोज गल्ल्यावर बसतो. त्या सिमचे रिचार्ज संपू देऊ नका. यूपीआय अ‍ॅप नव्या मोबाईलवर सुरू करताना त्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जावा लागतो, आणि फार दिवस बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊन टाकते.

क्यूआर घेताना व्यापाऱ्याचाच घ्या, स्वतःच्या वापराच्या अ‍ॅपमधला प्रिंट मारून चिकटवू नका. त्यासाठी पॅन, खात्याचा तपशील आणि दुकानाचा फोटो एवढे बहुधा पुरते. व्यापारी क्यूआरवर दुकानाचे नाव दिसते, दिवसाचा जमाखर्च वेगळा मिळतो आणि गिऱ्हाइकाला रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे देता येतात. व्यक्तिगत क्यूआरवर त्याला खातेदाराचे बँकेतले नाव दिसते. दुकानाच्या पाटीवर देवाचे नाव आणि मोबाईलवर भलत्याच माणसाचे, असे झाले की गिऱ्हाईक पिन टाकता टाकता थांबते. व्यक्तिगत क्यूआरच वापरायचा असेल तर त्याच्या शेजारी खातेदाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

शुल्काबद्दल बरेच गैरसमज आहेत. गिऱ्हाइकाने बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या पैशांवर दुकानदाराला कमिशन नाही. १ जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे. क्रेडिट कार्ड जोडून किंवा वॉलेटमधून २००० रुपयांच्या वर दिलेल्या रकमेवर मात्र कापले जाऊ शकते. पैसे आले की रक्कम बोलून सांगणाऱ्या स्पीकरचे मासिक भाडे वेगळे. एजंट दुकानात आला की ‘कशावर किती कापणार’ ते दरपत्रकात बोट ठेवून दाखवायला सांगा.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी सत्तरीच्या डोंगरातून बायका माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांचे, सामान घेऊन बाजारात बसतात. कांगले, माट्टी, घागऱ्या, सुपाऱ्यांचे घोस. वर्षातून मोजके दिवस चालणारा त्यांचा हा धंदा. पुष्कळजणी पुतण्याचा किंवा शेजाऱ्याचा क्यूआर टोपलीला टेकवून ठेवतात, आणि मग आपलेच पैसे मागायला त्याच्या दारात जातात. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की आपल्या जनधन खात्याला आपला नंबर जोडून घ्या. डेबिट कार्ड नसले तरी आधारच्या ओटीपीवर यूपीआय पिन तयार करता येतो. अट एवढीच की बँकेत आणि आधारला एकच मोबाईल नंबर हवा. हे काम श्रावणातच उरका. चवथ तोंडावर आली की बँकेत उभे राहायला जागा नसते.

बिल करताना

अ‍ॅपमध्ये सगळा माल एकदम भरायला बसू नका, कंटाळून सोडून द्याल. रोज जास्त खपणारे जिन्नस आधी भरा, बाकीचे विकले जातील तसतसे. नाव तेच द्या जे दुकानात तोंडात असते. आमच्या एका किराणावाल्याने पाकिटावरची लांबलचक नावे भरली होती. गर्दीत नोकराला काही सापडेना. आता त्याच्या यादीत ‘सोलां’, ‘सुकी मिरची बारीक’, ‘नाल्ल मोठा’ असे लिहिलेले आहे आणि बिल झटकन होते.

बिलाचा क्रमांक सलग हवा. रोज सकाळी एकपासून सुरू करू नका, नवी मालिका १ एप्रिलला. जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा, हा नियमच आहे. चुकलेले बिल पुसू नका. रद्द म्हणून ठेवा, कारण क्रमांकांत मधेच खड्डा दिसला की तपासणाऱ्याला पहिली शंका तिथेच येते. २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला गिऱ्हाइकाने मागितले नाही तर वेगळे बिल न देता दिवसाचे एकत्र बिल करता येते. उडदाच्या डाळीच्या एका पुड्यासाठी रांग अडवायची गरज नाही. कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असाल तर बिलावर कर लावता येत नाही, आणि आपण कॉम्पोझिशनमध्ये असून कर घ्यायला पात्र नाही हे त्यावर छापावे लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. प्रत्येक बिल बंद करताना अ‍ॅप विचारते: रोख, यूपीआय की उधारी? घाईत सगळेजण पहिलेच बटण दाबतात, म्हणून सगळी विक्री ‘रोख’ दिसते. हे एक बटण नीट दाबायची सवय लावून घ्या. रात्रीच्या हिशेबाचे निम्मे काम तिथेच होऊन जाते. अर्धे रोख आणि अर्धे यूपीआय दिले तर तसे दोन भाग करा. बहुतेक अ‍ॅपमध्ये ती सोय असते.

कागदाचा छोटा प्रिंटर घेतलात तर लक्षात ठेवा, त्या कागदावरची अक्षरे उष्णतेने उडतात. एप्रिल-मेच्या गोव्यात ती फार लवकर उडतात. पंखा, मिक्सर, पंप असा वॉरंटीचा माल विकत असाल तर बिल व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. त्यासाठी नंबर मागा, पण सक्ती करू नका, आणि त्या नंबरावर पुढे जाहिराती पाठवू नका. गिऱ्हाइकाने नंबर विश्वासाने दिलेला असतो.

बॅकअप रोज आपोआप ईमेलच्या खात्यात जाईल असे लावून ठेवा. पावसाळ्यात मोबाईल भिजतो, पडतो, हरवतो.

पैसे पावले की नाही

‘बाय, पैसे पावले मगे?’ हा प्रश्न आमच्या बाजारात दिवसभर ऐकू येतो. उत्तर नेहमी आपल्या मोबाईलमध्ये पाहून द्या, गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये पाहून नाही. हिरवी खूण, रक्कम, दुकानाचे नाव, सगळे हुबेहूब दाखवणारी बनावट अ‍ॅप आहेत. जुना स्क्रीनशॉट दाखवणारेही आहेत. गिऱ्हाईक चांगल्या घरचे दिसते, पर्यटक आहे, घाईत आहे, यांतले काहीही पुरावा नव्हे. आपल्या अ‍ॅपमध्ये किंवा आपल्या स्पीकरवर रक्कम आली तरच पैसे आले. बँकेच्या नावाने आलेल्या एसएमएसवरही विसंबू नका, तसा मजकूर कुणीही पाठवू शकतो.

स्पीकर बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असेही नाही. त्याच्या आत वेगळे सिम असते. तुमच्या मोबाईलला रेंज असेल आणि त्याला नसेल. म्हणून स्पीकर घेताना त्याचे सिम कोणत्या कंपनीचे आहे ते विचारा आणि त्या कंपनीची रेंज नेमकी गल्ल्याजवळ मिळते का ते पाहा. रात्री त्याला चार्जिंगला लावायला विसरू नका, पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

चिकटवलेल्या क्यूआरवर रक्कम गिऱ्हाईक टाकते. त्यात ५४० चे ५४ होतात. म्हणून पिन टाकण्याआधी ‘किती टाकले?’ एवढे विचारा. बिलाच्या अ‍ॅपमधून त्या बिलाचाच क्यूआर पडद्यावर दाखवता येत असेल तर फारच चांगले. त्यात रक्कम आधीच भरलेली असते आणि कोणते पैसे कोणत्या बिलाचे हे आपोआप कळते. आणि बाहेर टांगलेला क्यूआर रोज सकाळी स्वतःच्या मोबाईलने स्कॅन करून नाव पाहा. तुमच्या स्टिकरवर दुसऱ्याने आपला स्टिकर चिकटवला तर दिवसभराची विक्री त्याच्या घरी जाईल.

व्यवहार ‘प्रक्रियेत’ असे दाखवत राहिला तर वाद घालू नका. गिऱ्हाइकाकडून व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक बिलावर लिहून घ्या. दुकानदाराला दिलेले पैसे त्याच्या खात्यातून गेले आणि तुमच्यापर्यंत आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते त्याला आपोआप परत मिळायला हवेत. दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात हीच मुदत १ दिवसाची. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगितले की तो निम्म्या वेळा रोख काढून देतो आणि दोघांचाही राग उतरतो.

घरगुती खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी आणि खानावळवाल्यांनी पुढचे नीट वाचावे. फोन येतो, बोलणारा स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतो, मोठी ऑर्डर किंवा आठवड्याचे बुकिंग सांगतो आणि आगाऊ रक्कम ‘घेण्यासाठी’ एक क्यूआर पाठवतो. पैसे घ्यायला स्कॅन करावे लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार, दुसरा अर्थच नाही. ‘चुकून जास्त गेले, परत पाठवा’ असा फोन आला तर आधी खाते पाहा. खरेच जास्त आले असतील तर त्याला आपल्या बँकेत तक्रार करायला सांगा. फोनवर सांगितलेल्या भलत्या नंबरावर काही पाठवू नका.

जत्रेत नेटवर्क पडते तेव्हा

म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत रात्री गर्दी भरली की मोबाईलला पूर्ण दांड्या दिसतात, पण पैसे जात नाहीत. एका जागी हजारो मोबाईल एकाच टॉवरवर आले की असे होणारच. खाजेकारांना मी सांगते: दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे जवळ ठेवा, सुट्टे पैसे भरपूर आणा आणि कार्बनचे बिलबुक सोबत असू द्या.

यूपीआय लाइट ज्यांच्या मोबाईलवर आहे त्यांचे पैसे अशा वेळी बरेचदा पटकन जातात. त्यात आधी थोडी रक्कम भरून ठेवायची, जास्तीत जास्त ५००० रुपये, आणि एका वेळी १००० पर्यंत पिनशिवाय द्यायचे. बँकेचा सर्व्हर दमला असला तरी ते अडत नाही. रेंजच नसेल तर मात्र तेही जाणार नाही. साधा मोबाईल असलेल्यांसाठी *९९# आहे, आणि ०८०-४५१६-३६६६ वर फोन लावून बोलत बोलत पैसे पाठवायची सोय आहे. दोन्हींना इंटरनेट लागत नाही. वाळपईच्या पलीकडच्या वाड्यांवर मी हे शिकवते, कारण तिथे इंटरनेटपेक्षा साधा फोन जास्त भरवशाचा.

दुकान बंद करण्याआधी

आता ते तिसरे काम. बिलाच्या अ‍ॅपमधून दिवसाची विक्री काढा. ती तीन भागांत दिसेल: रोख, यूपीआय, उधारी. गल्ल्यातली रोकड मोजा, सकाळी सुट्ट्यासाठी ठेवलेली वजा करा, दिवसा गल्ल्यातून दूधवाल्याला, पोदेराला म्हणजे पाववाल्याला, हमालाला दिलेले मिळवा. हा आकडा अ‍ॅपच्या रोखीशी जुळला पाहिजे. मग क्यूआरच्या अ‍ॅपमधली दिवसाची जमा पाहा आणि ती यूपीआयच्या आकड्याशी लावा. फरक पडला तर त्याच रात्री शोधा. ३४० रुपये कुणाचे हे आज आठवते, शनिवारी आठवत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना गोंधळात टाकते. काही कंपन्यांच्या क्यूआरवर प्रत्येक गिऱ्हाइकाचे पैसे थेट खात्यात येतात, काहींच्या क्यूआरवर दिवसभराचे एकत्र करून दुसऱ्या दिवशी एकाच ओळीत जमा होतात. दुसऱ्या प्रकारात पासबुकाची ओळ कालच्या विक्रीशी लावायची, आजच्या नव्हे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी काय होते तेही कंपनीला विचारून ठेवा. ही जुळणी करायला चहा थंड होण्याइतका वेळ लागतो. ती ज्या दुकानांत रोज होते तिथे मला वर्षअखेर काही विचारावे लागत नाही.

कराच्या भीतीने क्यूआर काढू नका

२०२५ च्या जुलैत बेंगळुरूतल्या लहान व्यापाऱ्यांना यूपीआयच्या जमा रकमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि तिथल्या दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. त्याचे पडसाद इथेही उमटले. पुष्कळांनी मला विचारले, क्यूआर काढून टाकू का?

काढू नका. गोव्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. हॉटेल-खानावळ सेवेत धरली जाते. ही मर्यादा एकूण विक्रीची आहे, रोख आणि यूपीआय मिळून, त्यामुळे क्यूआर काढल्याने ती बदलत नाही. ताजी भाजी, ताजी फळे असा फक्त करमाफ माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. माटोळीवाल्या मावश्यांनी घाबरू नये. नोटीस आलीच तर कामाला येतात ती वेगळे खाते आणि सलग बिले. ‘हे पैसे मुलाने जहाजावरून पाठवलेत, ही विक्री नव्हे’ हे कागदावर दाखवता आले की निम्मी काळजी मिटते.

आयकरात तर बँकेतून आलेल्या पैशांचा फायदाच आहे. अंदाजित नफ्याच्या पद्धतीने, म्हणजे विक्रीचे ठरावीक टक्के नफा धरून, विवरणपत्र भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याला रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के नफा दाखवावा लागतो, बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के.

गिऱ्हाइकांसाठी

विजेचे किंवा मोबाईलचे बिल अ‍ॅपवरून भरताना ग्राहक क्रमांक टाकल्यावर नाव दिसते. ते वाचूनच पुढे जा, आजोबांच्या नावाचे मीटर असेल तर आजोबांचे नाव यायला हवे. पावती जपून ठेवा. ‘आज रात्री तुमची वीज तोडणार, या नंबरावर फोन करा’ असा संदेश आला तर त्या नंबरावर फोन करू नका आणि ते सांगतील ते अ‍ॅप मुळीच घालू नका. शंका वाटली तर वीज खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.

प्रीपेडचा बॅलन्स विनाकारण कमी होत असेल किंवा पोस्टपेड बिलात न मागितलेली सेवा दिसत असेल तर १५५२२३ वर फोन करून ती बंद करता येते. गाणी, ज्योतिष, खेळ असल्या सेवा मुलांच्या हातून सुरू होतात. तसेच यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून महिन्यातून एकदा पाहा. एकदा पिन टाकून मंजुरी दिली की पुढे १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी पिन न विचारता जाऊ शकते. कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण ती वाचतो कोण? नको असेल ते तिथेच रद्द होते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपला पिन सांगून मोबाईल हातात देऊ नका. यूपीआय सर्कलमध्ये त्यांना जोडा. तुमच्या खात्यातून त्यांना महिन्याला १५,००० पर्यंत, एका वेळी ५००० पर्यंत खर्चाची मुभा देता येते आणि प्रत्येक खर्च तुम्हाला दिसतो.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता येतात, म्हणून मिनिटे मोलाची. मग बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवले, तर तोटा तुमच्यावर येत नाही. पिन स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, म्हणून तेव्हाही घाईच करायची. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे लागत नाहीत, आणि चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. फोन लावण्याआधी व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम कागदावर लिहून समोर ठेवा, कारण घाबरलेल्या माणसाला मोबाईलवर बोलता बोलता त्याच मोबाईलमध्ये हे शोधता येत नाही.